इरावतीबाई कर्वे : लोकांकडे पाहताना स्वतःकडेही पाहणाऱ्या संशोधक



परिपाठात थोर व्यक्तींची ओळख करून देताना आपला एक साचा ठरलेला असतो. जन्म, शिक्षण, पुस्तकं, पुरस्कार, निधन. मुलं टाळ्या वाजवतात आणि पहिला तास सुरू होतो. इरावती कर्वे यांच्याबद्दल एवढंच सांगितलं तर मुलांच्या लक्षात फार तर 'युगान्त' हे एक नाव राहतं. पण इरावतीबाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण मोठ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. त्या माणसांचा अभ्यास करत होत्या, आणि तो करताना आपण स्वतः कोण, कोणत्या घरातून आलो, समोरच्या माणसाला आपण कसे दिसतो, हेही तपासत होत्या.

आज स्त्रीवादी विचारातून होणाऱ्या क्षेत्रसंशोधनात या सवयीला फार महत्त्व आहे. क्षेत्रसंशोधन म्हणजे काय, तर लोकांमध्ये जाऊन, राहून, बोलून केलेला अभ्यास. असा अभ्यास करणाऱ्यानं आपली जात, शिक्षण, पैसा, स्त्री किंवा पुरुष असणं, हे सगळं दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवता येत नाही हे ओळखावं, अशी ही भूमिका आहे. या भूमिकेचा बोलबाला झाला तो साधारण १९७० नंतर. इरावतीबाई गेल्या १९७० साली. म्हणजे या विचाराला नाव मिळण्याआधीच त्यांनी त्याचा मोठा भाग मराठीत, साध्या ललित लेखांत लिहून ठेवला होता. त्यांनी स्वतःला स्त्रीवादी संशोधक म्हणवून घेतलं नव्हतं, हेही लक्षात ठेवू या.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. भावंडांत ही एकटी मुलगी, बाकी पाच भाऊ.

सात वर्षांची असताना तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. हुजूरपागा शाळेत राहून ती शिकू लागली. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली. शकुंतलेचे वडील म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे. त्यांच्या घरी इरावती घरातलीच एक होऊन राहिली. पुस्तकं, वादविवाद, मोकळे विचार असं ते घर होतं. लहानपणी एका देशातून दुसऱ्या देशात, आईवडिलांच्या घरातून वसतिगृहात आणि तिथून दुसऱ्याच्या घरात, असा या मुलीचा प्रवास झाला. प्रत्येक घराच्या रीती वेगळ्या असतात हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पहिला अभ्यास आपल्याच माणसांचा

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान विषय घेऊन इरावतीबाई १९२६ साली पदवीधर झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या. १९२८ साली एम. ए. साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे आपल्याच जातीवर.

इथे जरा थांबू या. आपल्याच लोकांचा अभ्यास सोपा वाटतो. भाषा येते, घरं उघडी असतात, कोणी संशय घेत नाही. पण जे रोजचं आहे ते दिसतच नाही, ही त्यातली खरी अडचण. आपल्या घरातली पंगत, सोवळं, पाहुण्याला बसवण्याची जागा यात विचारण्यासारखं काही आहे, हेच आधी सुचावं लागतं.

याच काळात त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. ज्यांनी विधवाविवाह केला, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांच्या घरात इरावतीबाई सून म्हणून आल्या. पण सुनेनं पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जावं हे महर्षींना पसंत नव्हतं. दिनकररावांनी मात्र बायकोची बाजू घेतली आणि इरावतीबाई गेल्या.

पुढे सासऱ्यांवर त्यांनी जो लेख लिहिला त्यात आदर आहे, माया आहे आणि हिशोबही चुकता केलेला आहे. समाजकार्यासाठी घराबाहेर राहणाऱ्या पुरुषामागे घरातल्या बाईनं काय सोसलं, हे त्यांनी झाकलं नाही. अशा माणसाची सून होणं हे भाग्य, पण त्याची बायको झालो नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं त्या लिहून गेल्या. एका सुधारकाच्या सुनेनं हे लिहिणं सोपं नव्हतं. बाहेरच्या समाजाला प्रश्न विचारायचे आणि घरची मंडळी वगळायची, असं त्यांनी केलं नाही.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

१९२८ ते १९३० या काळात इरावतीबाई बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र शिकल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ओयगेन फिशर. त्या काळी युरोपात एक समज जोरात होता की, गोऱ्या माणसाचा मेंदू जास्त तर्कशुद्ध असतो आणि त्याच्या कवटीच्या ठेवणीतही ते दिसतं. फिशर यांची अपेक्षाही तशीच होती. इरावतीबाईंना १४९ कवट्या मोजायच्या होत्या.

त्यांनी मोजमापं घेतली, तक्ते केले आणि कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर अवलंबून नाही, असा निष्कर्ष मांडला. ज्यांच्या हातात आपली पदवी आहे त्यांच्या मताविरुद्ध हा निकाल होता. परदेशातली, वसाहतीतून आलेली, पंचविशीही न गाठलेली ही विद्यार्थिनी. तरी आकडे सांगतात तेच तिने लिहिलं आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवली. पुढे नाझी राजवटीत याच फिशर यांनी आणि त्यांच्या संस्थेनं वंशभेदाच्या धोरणांना शास्त्राचा आधार पुरवला. त्या पार्श्वभूमीवर इरावतीबाईंचा हा प्रबंध किती मोलाचा होता हे कळतं.

पण गोष्ट इथे सरळ संपत नाही. माणसांची मापं घेण्याचं हे तंत्र त्या भारतात घेऊन आल्या आणि पुढे अनेक वर्षं वेगवेगळ्या जातीजमातींची शारीरिक मोजमापं त्यांनी घेतली. जुन्या विचारातलं काही नाकारलं, काही सोबत राहिलं. मोठ्या माणसांच्या बाबतीतही असं होतं, आणि ते मुलांना सांगायला हरकत नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवू या. कवटी उलटून प्रश्न विचारत नाही. जिवंत माणूस विचारतो.

घर, नोकरी आणि भटकंती

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्यांनी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथल्याच झाल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं. घरी तीन मुलं. त्यांतल्या जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे नावाजलेल्या लेखिका झाल्या.

घर सांभाळून त्या देशभर हिंडल्या. या भटकंतीतून आणि संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासातून १९५३ साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं मोठं इंग्रजी पुस्तक आलं. त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग धरले आणि प्रत्येक भागात नात्यांना कोणते शब्द आहेत, लग्न कोणाशी होतं, कोणाशी होत नाही, हे मांडलं.

हे आपल्यासाठी फार जवळचं आहे. आपल्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची रीत होती. का? कारण महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. म्हणजे मुलीची आत्याच तिची सासू होते. शब्दात लग्नाचा नियम लपलेला असतो तो असा. उत्तरेकडे मात्र जवळच्या नात्यात आणि पुष्कळदा एकाच गावातही लग्न चालत नाही.

या नियमांचा बाईच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, तेही इरावतीबाईंनी पाहिलं. उत्तरेत नवी नवरी अनोळखी गावात, अनोळखी माणसांत जाते. माहेरची लेक आणि सासरची सून ही जणू दोन वेगळी माणसं. लेक मोकळी, सून पदराआड. दक्षिणेत सून बहुधा लहानपणापासून पाहिलेल्या घरात जाते, त्यामुळे हा फरक तेवढा तीव्र नसतो. नात्यांचे तक्ते अनेकांनी केले असतील. त्या तक्त्यातल्या एका चौकोनात एक घाबरलेली मुलगी उभी आहे, हे दिसायला पाहणारीची नजर वेगळी लागते. इरावतीबाई स्वतः लेक होत्या, सून होत्या, आई होत्या. ते अनुभव त्यांनी शास्त्राच्या आड येऊ दिले नाहीत, आणि टाकूनही दिले नाहीत.

त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. त्यांच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू हिंदू समाज राहिला आणि मुस्लिम समाजाकडे त्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. स्वतःकडे पाहायची सवय असलेल्या माणसालाही सगळंच दिसतं असं नाही.

वारीतला प्रश्न

आता या लेखातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ.

इरावतीबाई ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या. त्या अनुभवावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९४९ साली आलेल्या 'परिपूर्ती' या पुस्तकात तो आहे. १९६२ साली त्याचं इंग्रजी भाषांतर एका नामांकित संशोधन नियतकालिकात छापून आलं, आणि जगभरातले अभ्यासक तो आजही वाचतात.

त्या गेल्या ते नुसत्या वही-पेन्सिल घेऊन नव्हे. दिंडीत चालल्या, उन्हापावसात भिजल्या, अभंगांत रमल्या. चालणाऱ्या हजारो माणसांकडे पाहून महाराष्ट्र म्हणजे काय, याचं एक नवं उत्तर त्यांना सापडलं. ज्या प्रदेशातली माणसं पंढरीच्या वाटेला लागतात, तो महाराष्ट्र.

पण डोळे उघडे होते. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते तसे मराठाही होते. दिवसभर अभंग एक, टाळ एक, वाट एक. मुक्कामाला पोचलं की चुली मात्र वेगळ्या. स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. सगळे एका विठ्ठलाचे, पण एकमेकांच्या हातचं खायचं नाही. हे त्यांना मनापासून लागलं.

एखाद्या अभ्यासकानं एवढं टिपून घेतलं असतं आणि पुढच्या पानाकडे वळला असता. अमुक दिंडीत अमुक जाती, सहभोजन नाही, नोंद पूर्ण. इरावतीबाईंना तसं करता आलं नाही, कारण वेगळ्या चुलींपैकी एक चूल त्यांच्याच जातीची होती. त्या उठून मराठा बायकांबरोबर जेवायला बसल्या.

मग वारीचं रूपच बदललं. त्या बायका हात धरून बरोबर चालू लागल्या, आपल्या घरातलं, संसारातलं सांगू लागल्या. शेवटी शेवटी त्यांना ताई म्हणू लागल्या. एकदोघींनी तर सांगून टाकलं की, ताई, आम्ही पुण्याला तुमच्या घरी येऊ. तेवढ्यात एका तरुण मुलीनं सहज विचारलं की, आता आमच्याशी वागता तशाच तेव्हाही वागाल का?

हा प्रश्न इरावतीबाईंच्या काळजाला भिडला. हजारो वर्षं शेजारी शेजारी राहूनही ही माणसं आपली झाली नाहीत आणि आपण त्यांचे झालो नाही, हे त्यांना जाणवलं आणि त्यांनी तसंच लिहिलं.

जरा नीट पाहिलं तर इथे सगळंच उलटं झालंय. अभ्यास करायला इरावतीबाई गेल्या होत्या, पण अभ्यास त्यांचाच झाला. जर्मनीची डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषीला एका वारकरी मुलीनं बरोबर ओळखलं. वारी ही मोकळी जागा आहे, इथे मिसळणं सोपं आहे, पण घराचा उंबरठा ही खरी परीक्षा, हे त्या मुलीला समाजशास्त्र न शिकता ठाऊक होतं. हा प्रश्न लेखातून गाळला असता तर कोणाला कळलंही नसतं. उलट, ब्राह्मण विदुषी मराठा बायकांबरोबर जेवली, असं छान चित्र उभं राहिलं असतं. इरावतीबाईंनी तो प्रश्न ठेवला, आणि होय, वागेन, असं गोड उत्तर देऊन त्याची धार घालवली नाही. संशोधकानं स्वतःला तपासणं म्हणजे काय, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आपली ओळख कोण ठरवतं?

त्याच पुस्तकातल्या 'परिपूर्ती' या लेखात त्या आणखी एक गंमत सांगतात. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती अमक्यांच्या कन्या, तमक्यांच्या सून, अमक्यांच्या पत्नी अशी. ऐकताना काहीतरी राहिलं असं त्यांना वाटत राहतं. मग घरी जाताना रस्त्यात शाळकरी मुलांच्या घोळक्यातला एक जण दुसऱ्याला सांगतो की, ही बघ आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते!

हा लेख हसत हसत वाचून होतो आणि मग टोचतो. एवढी विद्वान बाई, पण तिची ओळख सगळी नात्यांतूनच. त्यात आनंदही आहे आणि प्रश्नही आहे. त्या दोन्ही ठेवतात.

शेवटची वर्षं

साठच्या दशकात त्यांच्या पाहण्यांचं काम जोरात चालू होतं. कोयना धरणामुळे ज्यांची घरं-जमिनी गेल्या त्या लोकांचं पुढे काय झालं, याचा अभ्यास त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. धरण किती उंच, वीज किती, हे सगळेच सांगतात. उठवलेली माणसं कुठे गेली, हे विचारणारे थोडे.

१९६७ साली 'युगान्त' आलं आणि १९६८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे देवी म्हणून नव्हे तर माणूस म्हणून पाहणारं हे पुस्तक. त्यातही त्यांची जुनी सवय दिसते. द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांबद्दल लिहिताना महाभारतातलं कथानक कुठे संपतं आणि आपली कल्पना कुठे सुरू होते, हे त्या वाचकाला उघड सांगतात. आपलं म्हणणं व्यासांच्या तोंडी घालत नाहीत.

११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. 'गंगाजल' हा लेखसंग्रह त्यानंतर, १९७२ साली प्रसिद्ध झाला.

आपल्यासाठी काय?

आपण शिक्षकही एक प्रकारे क्षेत्रसंशोधन करतच असतो. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, गृहभेटी, पालकभेटी. आपण दारात उभं राहिलो की घरातली एकुलती एक खुर्ची पुढे येते, चहा टाकला जातो, आणि मूल अभ्यास करतं का, या प्रश्नाला हो असं उत्तर मिळतं. आपण फॉर्मवर हो लिहितो. ते उत्तर मुलाबद्दल होतं की आपल्या हातातल्या फॉर्मबद्दल, हे तपासायला हवं. तो चहा आपण घेतला की नाही, कोणत्या घरी घेतला आणि कोणत्या घरी गडबडीचं कारण सांगितलं, हेही आईबाप पाहत असतात. पालकांनीही हे स्वतःशी ताडून पाहावं. आपलं मूल मित्राला घरी आणतं तेव्हा त्याचं आडनाव आपण का विचारतो?

वर्गात घेण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. इयत्ता चौथी-पाचवीसाठी चांगला आहे.

१. प्रत्येक मुलानं घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या बाईची मुलाखत घ्यावी. नात्यांचे दहा शब्द विचारावेत. आत्या, मावशी, जाऊ, नणंद, भावजय, जे मिळतील ते. वर्गात वेगवेगळ्या बोलीतले शब्द शेजारी शेजारी लिहावेत.

२. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी या घरात काय वेगळं वाटलं, हे विचारावं. सांगायचं नसेल तर आग्रह करू नये. तीही नोंदच आहे.

३. शेवटी मुलानं वही मिटून सांगावं की, आता तुम्ही मला एक प्रश्न विचारा. तो प्रश्न आणि त्यावर मुलाला काय वाटलं, हे वेगळ्या पानावर लिहावं.

तिसरा टप्पा वेळ नाही म्हणून गाळू नका. ते पान तपासताना लाल पेनानं शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, नुसतं वाचा. आणि जमलं तर पुढच्या पालकसभेत आपणही पालकांना सांगू या की, आता तुम्ही आम्हाला एक प्रश्न विचारा.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांना आलेले प्रश्न जरूर कळवा. भेटू पुढच्या पाठात.